बंद पंख्याखाली

लालबागच्या त्या चाळीत कांता घाडीच्या दोन गोष्टी नावाजलेल्या होत्या. एक तिच्या तोंडाचा पट्टा आणि दुसरी तिची फुंकर. पट्ट्याचं एवढं काही नाही. नळावर उभं राहायचं तर तळमजल्यावरच्या प्रत्येक बाईला तो लागतोच. फुंकर मात्र तिची एकटीची. कामाचे मालक अजितशेठ चारचौघांत सांगायचे, "आमच्या मालाची धार भट्टीत नाही बनत, कांताबाईंच्या ओठांवर बनते." शेठ लोक बोलतात असं. बोलायला काय जातंय त्यांचं!

हे काम काय ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लेथ मशिनवर पोलाद कापायला जी बोटाच्या पेराएवढी टिप लावतात ना, ती लोखंड वितळवून ओतलेली नसते. ती पावडरची असते. टंगस्टन कार्बाइडची राखाडी पावडर, मैद्याहून बारीक. तिच्यात थोडी कोबाल्टची पावडर, आणि आकार धरून राहावा म्हणून थोडं मेण. शेठच्या शिवडीच्या गाळ्यात हे सगळं प्रेसखाली दाबलं की टिप तयार होते, पण कच्ची. अगदी खडूसारखी. नखाने ओरखडा निघतो, दोन बोटांत जोरात धरली तर चुरा होतो. मग ती भट्टीत जाते. तिथे मेण उडून जातं, कोबाल्ट वितळतो आणि बाकीच्या कणांना धरून बसतो, लाडवातल्या तिळांना गुळाचा पाक धरतो तसा. टिप आक्रसून लहान होते, आणि बाहेर येते ती अशी की पोलादाची सालं काढते.

प्रेस आणि भट्टी यांच्या मधलं काम कांताचं. प्रेसमधून निघालेल्या कच्च्या टिपेच्या कडेला पापुद्र्यासारखी पातळ किनार राहते. ती तशीच भट्टीत गेली तर दगडासारखी होऊन बसते आणि माल फुकट जातो. म्हणून ती आधीच मऊ ब्रशने झाडून काढायची. कोपऱ्यात अडकलेली भुकटी ब्रशने निघत नाही, तिथे फुंकर लागते. जोरात मारली तर शेजारची टिप लवंडून तिचा कोपरा उडतो, हळू मारली तर भुकटी हलत नाही. शेठने गाळ्यात पुरुष बसवून बघितले, त्यांनी निम्मा माल मोडला. तेव्हापासून हे काम बायकांकडे, घरी.

मिल बंद पडल्यावर कांताच्या नवऱ्याने जे अंथरूण धरलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही. त्या दिवसांत हे काम घरात आलं आणि चूल पेटती राहिली. तिच्या लेकाचं, वैभवचं, शिक्षण त्यावर झालं. पुढे तोही त्याच गाळ्यात प्रेसवर लागला आणि आईसाठी ट्रे स्कूटरवरून घेऊन येऊ लागला. खड्डा आला की पाय टेकून, गाडी ढकलत आणायचा. नवरदेवसुद्धा एवढा जपून जात नाही!

काम करताना पंखा बंद, खिडकी बंद, दार ओढून घेतलेलं. मे महिन्यातसुद्धा. कारण शेठचं एकच सांगणं, की पावडर उडता कामा नये. महाग चीज आहे. झाडलेली भुकटीही डब्यात गोळा करून परत द्यायची, ती पुन्हा वापरात येते. "लक्ष्मी आहे ती, कांताबाई. लक्ष्मी कुणी उडवतं का?"

हे कांताला इतकं पटलं की ती शेठच्याही पुढे गेली. जमीन तिने कधी ओल्या फडक्याने पुसली नाही, भुकटी वाया जाईल म्हणून. दिवेलागणीनंतर केर काढला नाही. दसऱ्याला ट्रेला आणि ब्रशला हळदकुंकू वाहून झेंडूचं फूल ठेवायची आणि डोळे मिटून हात जोडायची. एकदा शेठने मास्क पाठवले होते. पण मास्क लावून फुंकर कशी मारणार? ते खिळ्यावर गेले. पुढे साथीच्या दिवसांत तेवढे उपयोगी पडले.

वैभवचं लग्न झालं आणि प्रिती घरात आली. माझगावची मुलगी, बारीक चणीची, हसरी, लोअर परळच्या मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात होती. लेकीच्या, पूर्वीच्या, वेळेस दिवस गेले तेव्हा तिने नोकरी सोडली. पूर्वी रांगायला लागली तशी कांताने सुनेला ट्रेसमोर बसवलं. आता सासू म्हटली की सुनेच्या कामात खोट काढणारच, पण हिच्या कामात खोटच निघेना. प्रितीची बोटं कांतापेक्षा हलकी होती. फुंकर तर अशी की समोर कागद धरला तर थरथरावा आणि शेजारचा हलू नये. कांताला हेवा वाटला आणि अभिमानही वाटला, दोन्ही खरं. शेजारच्या जाईबाईला ती सांगायची, "माझ्या सुनेचा हात बघ. तुझी भाकरीसुद्धा इतकी हलकी नसते."

खोकला सुरू झाला तो कोरडा. ट्रे काढले की खो खो, रात्री जरा शांत, सकाळी पुन्हा. मग जिना चढून वरच्या मजल्यावर कुणाकडे हळदीकुंकवाला जायचं तरी धाप. वजन उतरलं. गळ्याची हाडं दिसायला लागली. कांताने आलं, मध, अडुळसा, सगळं केलं. चाळीखालच्या डॉक्टरने आधी ॲलर्जी म्हटलं, मग पंप दिला, मग एक्स-रेवर डाग बघून टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. थुंकीत काही सापडलं नव्हतं, पण गिरणगावात छातीवर डाग म्हटलं की दुसरं काय डोक्यात येणार? गोळ्यांनी तिची लघवी लाल झाली, जेवण तुटलं. खोकला होता तिथेच.

एकदा प्रितीनेच विचारलं, "आई, ही पावडर तर नसेल?"

कांता उसळलीच. "पावडर? तू शाळेत पण जात नव्हतीस तेव्हापासून मी ह्या पावडरीत बसलंय. माका काय झाला? मी काय मेलंय?" आणि खरंच, तिला काही झालं नव्हतं. साठी उलटून गेलेली बाई, भारतमाता टॉकीजपासून भाजीची पिशवी घेऊन चालत यायची. दम नाही, खोकला नाही. पुरावा समोर उभा होता, धडधाकट, पदर खोचून. प्रितीने ट्रे पुढे ओढला.

आणि आता ती गोष्ट, जिच्यापायी कांता आजही धड घास गिळू शकत नाही.

प्रिती माहेरी गेली की बरी व्हायची. खोटं नाही, हे सगळ्यांनी पाहिलं. सुट्टीत आठवडाभर माझगावला राहिली की खोकला निम्म्यावर, भूक लागायची, गाल भरायचे. परत आली, ट्रेसमोर बसली, की दुसऱ्या तिसऱ्या दिवशी खो खो सुरू. जगात कुठल्याही सासूला यातून काय कळेल? कांताला तेच कळलं. नळावर तिने सांगून टाकलं, "आमच्या सूनबाईंचा आजार भारी शहाणा हां. माझगावचा पूल ओलांडला की पळतो आणि सासरचा उंबरा दिसला की येतो." बायका हसल्या. प्रिती कळशी घेऊन मागेच उभी होती. तिनेही हसल्यासारखं केलं.

वैभव एकदा म्हणाला, "आई, राहू दे ना तिला तिकडे महिनाभर. बरं वाटतं तिला."

"बरं वाटतंच. आयता चहा मिळतो ना हातात! मी तापाने फणफणत असताना पण ट्रे सोडले नव्हते, आणि हिला महिनाभर हवा पालटायची? आणि माल काय तुझा शेठ येऊन झाडणार?" वैभव स्कूटरची किल्ली घेऊन बाहेर पडला. आईपुढे त्याची कधी टाप नव्हती आणि शेठपुढेही नव्हती.

त्या वर्षी दिवाळीआधी माल खूप आला. पुण्याकडच्या कुठल्या कारखान्याची तातडीची मागणी होती म्हणे. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, पलंगाखालीसुद्धा ट्रे. माझगावहून प्रितीच्या आईचा फोन आला, पोरीला भाऊबीजेला आणते, तुळशीच्या लग्नापर्यंत राहू दे. कांताने फोनवर गोड आवाजात सांगितलं, "विहीणबाई, सकाळी येईल आणि ओवाळून संध्याकाळी परत येईल. घरात लक्ष्मी आलीय, तिला पाठ दाखवून कसं चालेल?"

प्रितीने हट्ट केला नाही. तिने फक्त एवढंच म्हटलं, "आई, मला खरंच तिकडे श्वास येतो हो."

"आणि इथे काय उशी धरतो आम्ही तोंडावर?" कांता म्हणाली.

असं बोलली ती. काय म्हणावं!

दिवाळी झाली, माल गेला, आणि पुढच्याच आठवड्यात प्रिती मोरीत चक्कर येऊन पडली. ओठ निळसर, नखं निळसर. जाईबाईने आणि वैभवने टॅक्सीत घालून परळच्या मोठ्या हॉस्पिटलात नेली. मागून कांता पूर्वीला जाईबाईच्या सुनेकडे सोडून, धावतपळत पोचली. देवाला काय काय बोलली ती त्या वाटेवर. सगळे नवस तिथेच बोलून झाले.

छातीच्या वॉर्डातली डॉक्टर तरुण होती, बाई शांत. सीटी स्कॅन झाला, फुप्फुसाचा तुकडा काढून तपासायला गेला. एका दुपारी तिने दोघांना बोलावलं, प्रितीच्या खाटेपाशीच. विचारू लागली. घरात कबुतरं? नाहीत. पोपट, कोंबड्या? नाहीत. गाद्या पिंजायचं काम? नाही. "पेशंट काय करतात?"

"घरकाम," कांता म्हणाली. शेठने सांगून ठेवलेलं होतं ना, घरी माल देतो हे कुठे बोलायचं नाही म्हणून. वैभवने खाली मान घातली.

"बरं. खोकला कुठे गेल्यावर कमी होतो का? गावी, नातेवाइकांकडे?"

हे विचारल्यावर कांताला राहवलं नाही. सवय ती सवय. "होतो की! माहेरी गेली की ठणठणीत. माझगावात औषध वाटतात बहुतेक. आणि परत आली की दोन दिवसांत सुरू."

डॉक्टरचं पेन थांबलं. तिने कांताकडे बघितलं, मग प्रितीकडे. "दर वेळी?"

"दर वेळी," प्रिती मास्कमधून म्हणाली. तिथला मास्क ऑक्सिजनचा होता.

"मग तुमच्या घरात असं काय आहे जे माहेरी नाही?"

वैभवने आईकडे बघितलं. वॉर्डात कुणाचातरी स्टीलचा डबा पडून खणखणला. मग प्रितीनेच हात वर करून बोटं दाखवली. नखांच्या कडेला, धुतल्यावरही न जाणारी राखाडी रेघ होती. "पावडर," ती म्हणाली. "कार्बाइड. झाडतो आम्ही. फुंकून."

पुढचं डॉक्टरने हळूहळू सांगितलं, तीनतीनदा सांगितलं, कारण कांताच्या डोक्यात शिरत नव्हतं. टीबी नव्हता. कधीच नव्हता. कोबाल्ट आणि कार्बाइडची भुकटी श्वासातून आत जाऊन फुप्फुसाला सूज येते, सुजेवर सूज, आणि शेवटी तिथे वण धरतात. वण धरलेला भाग परत मऊ होत नाही. "सुरुवातीला काम थांबलं की माणूस सुधारतं. म्हणून माहेरी बरं वाटत होतं. शरीर सांगत होतं."

"पण मला काही नाही झालं," कांता म्हणाली. भांडणाचा सूर नव्हता तो, पाया पडल्यासारखा होता. "डॉक्टर, मी तर हिच्या दुप्पट, तिप्पट वर्षं..."

"सगळ्यांना होत नाही, मावशी. कुणाच्या शरीराला सोसतं, कुणाच्या नाही. कुणाला होईल ते आधी सांगता येत नाही."

"आता दिवाळीत..." कांताने विचारलं. तिला विचारायचंच होतं आणि ऐकायचंही नव्हतं. "आता दिवाळीत ती माहेरी राहिली असती तर?"

डॉक्टरने पेनाचं टोपण लावलं. चांगली होती बिचारी, खोटं बोलायचं की नाही याचा विचार करत असावी. "आज आहे त्यापेक्षा बरी असती," ती म्हणाली. "किती, ते मी नाही सांगू शकत."

प्रितीने तोंड भिंतीकडे फिरवलं. तिने ओरडायला हवं होतं, सासूला चार शब्द सुनवायला हवे होते. कांता त्याची वाट बघत खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. प्रिती बोललीच नाही. बोलायला श्वास लागतो, आणि तो तिला जपून वापरायचा होता.

शेठने बातमी कळल्याबरोबर माणूस पाठवून ट्रे उचलून नेले. पुन्हा फोन केला नाही. वैभव जाब विचारायला गेला तर म्हणाला, "आमच्याकडे एवढी वर्षं कुणाला काही झालं नाही. तुझ्या आईलाच विचार." वैभवने गाळा सोडला आणि पार्सलं पोचवायचं काम धरलं. ट्रे दोन चाळी पलीकडे कुणाकडे तरी गेले. कांता तिथे सांगायला गेली, दार वाजवून हात जोडून सांगितलं. ती बाई म्हणाली, "मावशी, तुमचं काम गेलं म्हणून आमच्या पोटावर का येता?" दार बंद झालं. आतला पंखा बंद होता, हे कांताला बाहेरूनही कळलं. आवाजच नव्हता.

डॉक्टरने घरी सोडताना बजावलं होतं, ऑक्सिजन चालू ठेवा, खोली धुवून काढा आणि जमेल तर पेशंटला काही महिने दुसरीकडे ठेवा. कांताने खोली धुतली. फळ्या काढल्या, पलंग उभा केला, माळ्यावरची भांडी उतरवली. जिथे फडकं फिरवावं तिथून राखाडी पाणी निघत होतं. देवघरातल्या गणपतीच्या मागून निघालं, पूर्वीच्या झबल्यांच्या ट्रंकेतून निघालं. बादल्यांवर बादल्या गटारात ओतताना ती रडत होती आणि त्या भुकटीला तोंडाला येतील त्या शिव्या देत होती, मालवणी, मराठी, मिळेल त्या भाषेत. जाईबाई मदतीला आली ती दारातच थबकली. कुणी कधी कांताला असं बघितलं नव्हतं.

मग तिने स्वतःच प्रितीची बॅग भरली. साड्या, गोळ्या, पूर्वीचा एक फोटो. "गो बाय, तू माझगावला जा. सहा महिने रहा, वर्ष रहा. मी पूर्वीला घेऊन येत जाईन. तुला हवं तेवढं रहा." लग्न झाल्यापासून प्रितीने हे शब्द ऐकले नव्हते. तिने होकाराची मान हलवली.

टॅक्सीत मागे प्रिती आणि कांता, पुढे वैभव, त्याच्या मांडीवर ऑक्सिजनचं छोटं सिलिंडर. माझगावची ती जुनी इमारत तीन मजल्यांची, लिफ्ट नाही, लाकडी जिना उभा आणि अरुंद. प्रितीचं माहेर सगळ्यात वर. त्या पोरीने लहानपणी तो जिना एका दमात चढलेला असणार, आता तिला तो झेपेल का, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

ती काही पायऱ्या चढली आणि कठड्याला धरून थांबली. आणखी दोन चढली. मग खाली बसली. छातीचा भाता नुसता वरखाली, हवा कुठे आत जात नव्हती. वरून तिची आई हाका मारत होती. वैभवने खालच्या दुकानातून खुर्ची आणली, शेजारची माणसं धावली, तिला खुर्चीत बसवून उचललं. वळणावर खुर्ची तिरकी झाली, पाय कठड्यात अडकला, नळी नाकातून सुटली. प्रिती घाबरली, घाबरली की खोकते, खोकली की श्वास जातो. डोळे पांढरे व्हायला लागले तसे वैभव ओरडला, "खाली! खाली घ्या!" आणि सगळ्यांनी तिला परत तळाशी आणलं.

प्रितीची आई धापा टाकत उतरून आली आणि लेकीचं डोकं पोटाशी घेऊन पायरीवर बसली. "वर घेऊन तर गेलो असतो एकदा," माणसांपैकी कुणी म्हणालं, "पण अचानक हॉस्पिटलात न्यायचं झालं तर?"  वैभव सिलिंडरचा काटा बघत होता. ते फार वेळ पुरणारं नव्हतं, ऑक्सिजनचं मोठं मशीन मागाहून आणायचं म्हणून लालबागला घरीच राहिलं होतं.

कांता बॅग हातात घेऊन फुटपाथवर उभी होती. मग ती पुढे झाली आणि सगळ्यांसमोर, विहिणीसमोर, भररस्त्यात सुनेच्या पायाशी बसली. "माझ्यामुळे झाला गो ह्या. मी तुका माहेराक सोडूक नाय. मला काहीतरी बोल. शिव्या घाल."

प्रितीने श्वास गोळा केला. बराच वेळ लागला तिला. 

"आई," ती सासूला म्हणाली, "चला. घरी जाऊ."

वैभवने तिला उचलून टॅक्सीत बसवलं आणि नळी नीट केली. तिची आई जिन्याच्या पायरीवरून उठली नाही. बॅग पुन्हा डिकीत गेली. ड्रायव्हरने विचारलं कुठे, तेव्हा कांतानेच लालबाग सांगितलं.